खंदकाच्या बाहेर उभी केलेली फौज

रविवार, रात्री उशिरा

‘ड्रॅगन चालतात, मेलेले उठून चालतात, आणि तुमची अडचण काय, तर ट्रेबुशे कुठे ठेवलेत!’ कट्ट्यावर आजही हे वाक्य आलंच. विषय तोच, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या आठव्या सीझनमधला तिसरा भाग, ‘द लाँग नाइट’, म्हणजे विंटरफेल किल्ल्यावर मेलेल्यांच्या फौजेशी झालेली रात्रीची लढाई. (ट्रेबुशे म्हणजे वजनाच्या जोरावर दगड फेकणारं लाकडी यंत्र.) २०१९ पासून वाद मिटलेला नाही आणि मिटायची चिन्हंही नाहीत. पुण्यात चार डोकी जमली आणि त्यातलं एक किल्ले फिरणारं निघालं, की गाडी विंटरफेलच्या तटाखाली येऊन थांबतेच.

या वाक्याला एकदा नीट उत्तर लिहून ठेवतो. जादूला सूट मिळते ती जादूपुरतीच. ड्रॅगन आग ओकतो, मान्य. मेलेल्यांच्या फौजेचा म्होरक्या नाइट किंग हात वर करतो आणि मेलेले उठतात, तेही मान्य. पण अंधारात किती दूरचं दिसतं, घोड्याचा दम कुठे संपतो, दगड किती लांब पडतो, यावर कुणी जादू केलेली नाही. शिवाय जादूचा एक नियम कथेनेच सांगितला की तो सगळ्यांना लागू होतो, सेनापतींनाही.

तो नियम इथे फार महागात पडणारा आहे. आपला पडलेला माणूस शत्रूच्या बाजूने उठतो. हे वाण्याच्या वहीसारखं आहे, एकाच व्यवहाराची नोंद दोन्ही पानांवर. समजा आपले १०,००० आणि समोर १,००,०००. आपले हजार गेले तर आपण ९,००० आणि ते १,०१,०००. नेहमीच्या लढाईत हजार माणसं देऊन तासभर मिळाला तर सौदा बरा म्हणतात, इथे तोच सौदा अंगावर येतो. त्यात बेत शत्रूला हरवण्याचा नव्हताच. किल्ल्याच्या घराण्यातल्या ब्रॅनला देवराईत बसवायचं, त्याच्या ओढीने नाइट किंग पुढे येईल, मग त्याला गाठायचं, कारण तो मेला की त्याने उठवलेले सगळे कोसळतात. म्हणजे फौजेचं काम एकच, वेळ काढणं आणि तो काढताना कमीत कमी मरणं.

आता मांडणी बघा. सगळ्यात पुढे डोथ्राकी, म्हणजे भटक्या लढवय्या टोळ्यांचं घोडदळ. ट्रेबुशे तटाच्या बाहेर, उघड्यावर, पायदळाच्याही पुढे. मग पायदळ, त्याच्या पाठीशी खंदक आणि शेवटी तट. खंदक आपल्याच माणसांच्या पाठीमागे! एरवी क्रम उलटा असतो. चाकणचा संग्रामदुर्ग आठवा. भुईकोट, उंचीचा आधार शून्य, तरी १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला पन्नासहून जास्त दिवस झुलवलं. भुईकोटाचा खंदक तटाच्या पायथ्याशी असतो, कारण तो ओलांडायला शत्रू थबकला की वरून बाण, गोळी, दगड, सगळं टप्प्यात येतं. आपली माणसं खंदकाच्या पलीकडे उभी केली की दोन गोष्टी होतात. एक, वरचे तिरंदाज आपल्याच लोकांवर बाण पडतील म्हणून हात आखडतात. दोन, माघार घ्यायची तर ती चिंचोळ्या वाटेने, आणि खरी कत्तल तिथेच होते. एपिसोडमध्ये नेमकं तेच झालं. अनसलीड नावाचं पायदळ, ते मागे थांबून बाकीच्यांची माघार झाकत राहिले, म्हणजे सगळ्यात शिस्तीची माणसं सगळ्यात वाईट जागी खर्ची पडली.

ट्रेबुशेबद्दल भांडण जास्त होतं, मला तो मुद्दा त्या मानाने किरकोळ वाटतो. मोठ्या वजनाच्या ट्रेबुशेचा पल्ला २०० ते ३०० मीटर. दगड तटावरून सहज पलीकडे जातो, म्हणून यंत्र आत अंगणात ठेवायचं, तटावर एक माणूस उभा करायचा आणि त्याने ओरडून सांगायचं, जरा डावीकडे, जरा लांब. एकदा सोडलं की वजन पुन्हा वर खेचायला वेळ लागतो. बाहेर ठेवलं तर दोन-चार दगडांनंतर ते फक्त लाकूड उरतं. तसंच झालं.

घोडदळाचं मात्र खरंच दुखणं आहे. काळोखात, समोर काय आहे ते न दिसता, सरळ मध्यावर धाव. मेलिसांड्रे या आगीच्या पुजारणीने त्यांची हत्यारं पेटवली ती आयत्या वेळी, ती आली नसती तर ही माणसं साध्या पोलादानिशी त्या गर्दीत शिरणार होती. घोडदळाची ताकद धक्का देऊन बाजूला निसटण्यात असते आणि धक्का बसतो तो घाबरणाऱ्या शत्रूला. मेलेले घाबरत नाहीत, त्यांची फळी फुटत नाही. मग घोडा गर्दीत रुतून उभा राहतो आणि उभा घोडा म्हणजे मेलेला घोडा. इथे कुणीतरी पानिपत काढतोच, आजही काढलं. १४ जानेवारी १७६१, बेत गोलाचा, म्हणजे सगळ्या फौजेने एकत्र बांधून सरकायचा, आणि गोल सोडून घोडदळाची पथकं पुढे धावली, गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, तोफा-बंदुकांचं कवच मागे राहिलं. तुलना अर्धीच जुळते. तिथे चाल मोडली, इथे चालच तशी आखली होती. माझ्या मते डोथ्राकींना दोन्ही बाजूंना, दूर जंगलाच्या कडेला ठेवायला हवं होतं, आणि खंदक पेटल्यावर अडकलेल्या गर्दीच्या कडा कापायला सोडायला हवं होतं.

खंदक पेटण्याची गोष्ट तर मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. आत लाकडाचे खुंट, पेटवायचे ड्रॅगनने. त्यासाठी आपल्या बाजूचा सरदार डावोस तटावरून मशाली हलवणार. हिमवादळ आलं, वरून मशाली दिसेनात. मग पेटते बाण सोडले, ते वाऱ्याने धरेनात. शेवटी पुन्हा मेलिसांड्रे. एका कामाला दोन वाटा ठेवल्या, पण दोन्ही वाऱ्यावर आणि नजरेवर अवलंबून. खंदकात डांबराचं कापड आणि वाळलेला पाला भरून, दर वीस-पंचवीस पावलांवर आडोशाला धुमसती शेगडी ठेवली असती तर लाथेने पेटला असता. आणि रुंदी कमी. मेलेल्यांनी आगीत अंग टाकून पूल केला, कारण तेवढ्या अंगांत तो भरत होता. हा भाग लेखकांनी छान लिहिलाय, शत्रूने आपल्याकडची भरपूर गोष्ट, म्हणजे देह, नेमकी वापरली.

तळघराचा बचाव मला आजवर कुणी पटवून दिलेला नाही. मेलेल्यांना उठवणाऱ्यापासून बायकामुलांना लपवायचं, आणि कुठे, तर पिढ्यान् पिढ्यांचे पुरलेले आहेत तिथे! आधीच्या हार्डहोमच्या लढाईत नाइट किंगने हात वर करताच काय होतं ते आपल्या बाजूच्या जॉनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. निदान थडग्यांच्या शिळांवर लोखंडी पट्ट्या तरी ठोकायच्या, दारात ड्रॅगनग्लासवाले, म्हणजे मेलेल्यांना मारणाऱ्या काळ्या काचेची हत्यारं असलेले, दहा लोक तरी उभे करायचे.

शेवटी नाइट किंगला मारणाऱ्या आर्याच्या उडीवर मी भांडत नाही. ती आली कुठून हे दाखवलं नाही, एवढंच. तो कॅमेऱ्याचा हिशोब, रणांगणाचा नव्हे.

आणि अंधार. आपल्याकडे हा भाग २९ एप्रिल २०१९ ला पहाटे साडेसहाला लागला. एप्रिलअखेर पुण्यात सहा वाजून गेले की सूर्य वर, पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट टीव्हीवर. बाहेरचं चित्रीकरण ५५ रात्रींचं, बघणारे भर उजेडात. त्यात व्हिडिओ दाबून पाठवताना गडद भागाला सगळ्यात कमी डेटा मिळतो. आठ बिटांच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या, आणि या भागात वापरात खालच्या थोड्याच. म्हणून धुक्यात चौकोन दिसतात. पुन्हा बघायचं असेल तर रात्री बघा, पिक्चर मोड सिनेमावर ठेवा, वीज वाचवणारी सेटिंग आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. ब्राइटनेस एवढाच वाढवा की काळा रंग राखाडी होणार नाही. मग मांडणी दिसते, आणि चुकाही.

एक मुद्दा अजून अर्धवट आहे. डोथ्राकींची पेटती हत्यारं एकेक करून विझली, जेमतेम काही घोडे परत आले. शेवटच्या भागात किंग्ज लँडिंग या राजधानीच्या चौकात मात्र त्यांचा भलामोठा जमाव. हे आले कुठून, यावर उद्या पुन्हा बसायचं ठरलंय.