घरच्या घरी पुढचे शॉकअप बदलताना

मोटारसायकलचे पुढचे शॉकअप काढणं सोपं असतं. शॉकअपचे दोन पाय वर आणि खाली धरून ठेवणारे दोन भाग म्हणजे टी; त्यांचे बोल्ट ढिले केले की पाय खाली सरकून हातात येतात. खरी परीक्षा आधी मापं घेताना असते आणि नंतर, कुठला बोल्ट कधी आवळायचा हे ठरवताना. मी जुन्या जोडीच्या जागी त्याच मॉडेलची, पण दुसऱ्या गाडीवर वापरलेली जोडी बसवली. तरीही पहिलं काम व्हर्नियर या मापाच्या साधनानेच केलं. मॉडेल तेच असलं तरी मधल्या वर्षांत अ‍ॅक्सलची (चाकाच्या मधल्या दांड्याची) जाडी किंवा कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) बोल्टांमधलं अंतर बदललेलं असू शकतं. म्हणून वरच्या आणि खालच्या टीमध्ये येणाऱ्या पाईपची जाडी वेगवेगळी मोजली, कारण काही पाईप वर बारीक आणि खाली जाड असतात. मग अ‍ॅक्सलचं भोक, आणि शेवटी पूर्ण उघडलेल्या पायाची पाईपच्या वरच्या कडेपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतची लांबी.

पाईप वाकलेला आहे का, हे जाड काचेवर लोळवला की कळतं: खाली उजेडाची फट लहानमोठी होत राहिली तर तो पाईप नको. क्रोमवरून नख फिरवलं. तेल अडवणारं सील जिथून वरखाली फिरतं तिथे नख अडकलं तर नवीन सील महिनाभरही टिकत नाही. टीमध्ये दबणाऱ्या भागात गंज असला तर मात्र चालतो.

चाक जमिनीवर असतानाच जे ढिलं करायचं ते करून घेतलं: अ‍ॅक्सलचा नट, अ‍ॅक्सल दाबणारा पिंच बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट. गाडी उचलल्यावर पान्यावर जोर दिला की ती स्टँडवरून हलते. शॉकअपच्या वरच्या कॅपसाठी एक क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरच्या टीचा बोल्ट सैल करायचा, खालचा घट्टच ठेवायचा, आणि मग कॅप पाव फेरा फिरवायची. वरची टी आवळलेली असताना पाईपचं तोंड किंचित दबलेलं असतं आणि कॅपचे आटे त्यात अडकतात. तशीच जोर लावून फिरवली तर अ‍ॅल्युमिनियमची कॅप गोल होते.

गाडी इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकवर घेतली. सायलेन्सरच्या पाईपवर भार येऊ द्यायचा नाही. पुढच्या पायांना खालून धरणारा पॅडॉक स्टँड या कामाला निरुपयोगी, कारण जे काढायचं त्यावरच तो उभा असतो.

कॅलिपर काढून तारेने फ्रेमला टांगला. ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटू शकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. पॅडच्या मध्ये लाकडाची चकती सरकवली, चुकून ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून. चाक काढताना डावा-उजवा स्पेसर कुठे होता याचा फोटो घेतला. मडगार्ड काढलं आणि पाईप वरच्या टीच्या किती वर आहे ते मोजलं: कॅपपासून नव्हे, पाईपच्या कडेपासून. हे माप फार महत्त्वाचं आहे. पाय टीमध्ये वर सरकवला की गाडीचं नाक खाली येतं, पुढचा कोन खडा होतो, गाडी चपळ वळते, पण सरळ रस्त्यावर बुजरी वाटते. पाच मिलिमीटरही जाणवतात.

पाय अडकला तर ओढत बसू नये. फिरवत फिरवत खाली काढावा. तरीही येत नसेल तर टीच्या फटीत चपटा पेचकस हलक्या हाताने घालावा. जोरात फाकवली की टी तडकते. पाय निघाल्यावर रिकामी टी डावी-उजवीकडे फिरवून पाहिली. मधोमध खाचेत बसल्यासारखी अडली तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला, आणि तो बदलायला याहून सोयीची वेळ नाही.

वापरलेल्या जोडीतलं तेल मी विश्वासावर ठेवलं नाही. दोन पायांत ते वेगळं निघालं, एकात काळपट पाण्यासारखं. कॅप ढिली करायला वाइस नव्हता, म्हणून पाय खालच्या टीमध्येच आवळून तिथे फिरवली. सीलही बदलायची होती, म्हणून तळातला अ‍ॅलन बोल्ट काढायचा होता. हा बोल्ट स्प्रिंग आत असतानाच, पाय थोडा दाबून ढिला करावा. स्प्रिंग काढली की आतली दांडी बोल्टबरोबर गरगर फिरते आणि बोल्ट काही निघत नाही. परत बसवताना तांब्याचा वायसर नवीन.

तेल मोजून ओतणं पुरेसं नाही, कारण निथळल्यावरही आत थोडं उरतंच. मॅन्युअलमध्ये पातळी दिलेली असते: स्प्रिंग बाहेर, पाय पूर्ण दाबलेला आणि उभा, पाईपच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर. दहा-बारा वेळा हळू वरखाली करून आतली हवा काढली. मग थोडं जास्त तेल घातलं आणि सिरिंजला नळी लावून तेवढ्याच लांबीवर खूण केली. नळी खुणेपर्यंत आत धरून, हवा येईपर्यंत तेल ओढलं. दोन्ही पाय एकसारखे होतात. तेलाच्या वर राहिलेली हवासुद्धा स्प्रिंगसारखंच काम करते, म्हणून तेल जास्त झालं तर शॉकअप शेवटच्या टप्प्यात दगड होतो.

बसवताना पाय फिरवत वर घातले, माप लावलं, खालची टी फक्त धरेल इतकी आवळली. आता चाकाशिवाय नुसता अ‍ॅक्सल हाताने घालून पाहिला आणि तो अर्ध्यातच अडला. हातोडी मारायची गरज वाटते तिथेच थांबावं. डावा पाय ३ मिलिमीटर खाली होता. तो वर घेतला आणि अ‍ॅक्सल बोटाने सरकला.

मग खालची टी. तिला दोन बोल्ट असतील तर आळीपाळीने तीन-चार वेळा, कारण एक आवळला की दुसरा ढिला पडतो. बऱ्याच गाड्यांत हे बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, पण आकडा मॅन्युअलचाच घ्यावा. जास्त आवळल्यास पाईप दबतो आणि शॉकअप घासत चालतो. नंतर कॅप पूर्ण घट्ट, आणि त्यानंतरच वरची टी.

चाक, अ‍ॅक्सल नट, कॅलिपर लावले, पण अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट सैलच ठेवला. आधी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप केला. हे विसरलं तर पहिल्याच वळणावर ब्रेक नसतो. गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक धरून, हँडल पाच-सहा वेळा जोरात दाबलं. त्याने पाय अ‍ॅक्सलवर आपली जागा शोधतो. त्यानंतर पिंच बोल्ट. हा क्रम उलटा झाला तर पाय तिरके बांधले जातात, आणि मग लोक सीलला आणि तेलाला दोष देत बसतात.

हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल आणि होज ताणतात का ते पाहिलं. पाईपला केबल टाय बांधून, गाडीवर बसून बैठक, म्हणजे वजनाने शॉकअप किती दबतो ते, मोजली. १२० मिलिमीटर प्रवासाच्या शॉकअपला साधारण ३० ते ४० मिलिमीटर ठीक. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट परत तपासले. पाईपवर तेलाचं पुसट वर्तुळ दिसलं ते पुसून टाकलं; बसवताना सीलला लावलेलं ग्रीसही असंच बाहेर येतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पुन्हा उमटलं, तरच सील उघडायचं.