वार्निश खरवडताना

डेक, म्हणजे घराबाहेरचा लाकडी फळ्यांचा ओटा, नवा होता तेव्हा मी हौसेने त्याला वार्निशचे दोन हात मारले. काचेसारखा चकाकत होता. वर्षभरात पायऱ्यांजवळ बारीक भेगा दिसल्या आणि पुढच्या पावसानंतर पापुद्रे सुटू लागले. खाली फळी काळी पडलेली. कंपनी बदलून पाहावी असं मनात होतं. सुतारकाकांनी नखाने एक पापुद्रा उचलला आणि म्हणाले, "वार्निश चांगलंच आहे हो. लाकूड हलतं, हे हलत नाही."

लाकूड ओलीने फुगतं, उन्हाने आकसतं. वर कडक थर असला की तो तडकतो. मग भेगेतून पाणी शिरतं आणि थराखाली अडकून बसतं. मुरणाऱ्या स्टेनचा, म्हणजे लाकडाला लावायच्या पातळ तेलकट रंगाचा, असा थर बसत नाही. तो लाकडात शिरतो आणि हळूहळू झिजतो, पण त्याचे पोपडे निघत नाहीत. मात्र तो मुरण्यासाठी आधी वार्निश पूर्ण निघायला हवं होतं.

आठ दिवस खरवडलं. मध्येच कंटाळून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन आणलं आणि एका फळीची वाट लावली. मऊ भाग उडून गेला, कडक रेषा तशाच उभ्या राहिल्या, वर कूस निघाली ती वेगळीच. मशीन परत केलं. वर आलेले स्क्रू आत बसवले, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो, आणि ६० नंबरने, मग ८० नंबरने घासलं. हात लावून छान वाटलं म्हणून मी २२० नंबर काढला, तर काकांनी तो हातातून घेतला. इतकं गुळगुळीत केलं तर स्टेन आत शिरणार कुठून? लोखंडी खिळ्यांभोवतीचे काळे डाग मात्र घासून जाईनात. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांचे ते डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिके झाले. हातमोजे, चष्मा घातला आणि नंतर भरपूर पाण्याने धुतलं.

कुंपणाला मी कधीच काही लावलं नव्हतं, त्यामुळे ते सोपं गेलं. ते करडं पडलं होतं एवढंच. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन मोडतात आणि वर सुटे तंतू उरतात. त्यावर काही लावलं तर ते त्या तंतूंसकट निघून येतं. म्हणून क्लीनर लावून ब्रशने धुतलं. पायथ्याची झाडं आधी भिजवून झाकून ठेवली होती.

मग वाट पाहणं. हा भाग मला सगळ्यात जड गेला. तिसऱ्या दिवशी फळ्या कोरड्या दिसत होत्या, पण ओल मोजायच्या मीटरवर आकडा २२ टक्के! १५ च्या खाली येईपर्यंत डबा उघडलाच नाही.

मला लाकडाचा मूळ रंग हवा होता, म्हणून रंगहीन स्टेन घ्यायचं ठरवलं होतं. पण ऊन अडवतो तो त्यातला रंगकणच. शेवटी नस दिसेल इतपत रंगाचा घेतला.

लावताना पहिल्या दोन फळ्यांवर सढळ हात ठेवला. चार दिवस त्या चिकट राहिल्या, चपला उचलताना चर्र आवाज यायचा. पुढे पंधरा-वीस मिनिटांत न मुरलेला स्टेन कापडाने पुसून घेत गेलो. ऊन चढायच्या आत, दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, कारण मध्येच थांबलं की जोडाची गडद रेघ कायमची राहते. कापलेली टोकं तर तहानलेलीच होती. लाकूड पाणी सगळ्यात जास्त तिथूनच ओढतं, म्हणून तिथे स्टेन ओढेल तेवढा पाजला.

काकांनी आवाज चढवला तो एकदाच. स्टेन पुसलेल्या तेलकट चिंध्या मी गोळा करून कोपऱ्यात टाकल्या होत्या. असं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्यांनी त्या उचलून बाहेर एकेक पसरल्या. तोपर्यंत मी जवळच्या खुर्चीवर निवांत चहा पीत होतो.

याला दीड वर्ष झालं. कुंपण अजून जसंच्या तसं आहे. डेकच्या मात्र वर्दळीच्या चार फळ्या फिकटल्यात. परवा त्यांवर पाणी शिंपडलं तर थेंब ठरेचनात, लगेच मुरले. रविवारी त्या चार धुऊन ठेवतो आणि वाळल्या की एक हात देतो. खरवडायला या वेळी काहीच नाही.