सिनेमा उपग्रहावरून येतो, मग टॉकीजला खर्च कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या टॉकीजचे हिशेब मी बघते हे कळलं की लग्नघर असो की बँक, प्रश्न ठरलेला: "आता रिळं नाहीत, पेट्या नाहीत, सगळं उपग्रहावरून येतं. मग तिकिटाचे पैसे जातात कुठे?"

छपरात जातात. आणि कूलरमध्ये. सिनेमा दाखवायचा खर्च कमी झाला हे खरंच आहे, पण तो ज्या खोक्यात दाखवायचा त्याचा काही कमी झाला नाही.

सासऱ्यांच्या काळी खर्च केबिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत दिसायचा. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यामधल्या ज्वालेच्या उजेडावर पडदा उजळायचा. कांडी जळेल तशी पुढे सरकवावी लागे. ऑपरेटरला डुलकी लागली की पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या. २,००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगानं बावीसेक मिनिटांत संपतं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे अशी आठ रिळं, दोन मशीनवर आलटूनपालटून. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, पुढच्या ठिपक्याला उजेड इकडून तिकडे. प्रेक्षकांना कळलंच नाही तर ऑपरेटर कसलेला. कधी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चाले, मग रिळं सायकलवरून पळायची. सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, पण सिनेमाच्या धंद्यात आमचा वितरणाचा इलाका अजून सीपी-बेरारच. अमरावती-भुसावळच्या वितरकांशी आमच्या घराचे संबंध सोयऱ्यांपेक्षा जुने.

ते सगळं गेलं. कार्बननंतर झेनॉनचा दिवा आला. त्यात गॅस इतक्या दाबाखाली भरलेला असतो की थंड दिवासुद्धा हातातून निसटला तर फुटतो, म्हणून बदलताना तोंडावर ढाल आणि हातात जाड मोजे. आता डिजिटल मशीन. तिला धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही, म्हणून केबिनला वेगळा एसी. आमच्याकडे ऑपरेटर घामाघूम आणि मशीन गारव्यात!

पडद्याला बारीक भोकं असतात, कारण स्पीकर त्याच्या मागे असतात. त्यामुळे चादरीसारखा तो धुता येत नाही. मऊ ब्रशनं हलकेच झटकायचा, बस्स.

पण मुख्य प्रकरण उन्हाचं. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वर पत्रे, आत पडदा मावेल एवढी उंची. एवढी हवा गार करायची आणि तीही शोला सहाशे माणसं असोत की चौदा. मोठ्या कूलरांचं गवत दर उन्हाळ्याआधी बदलायचं, पाण्याच्या टाक्या घासायच्या. पाऊस सुरू झाला की हवा ओली, कूलर निकामी, आणि त्याच महिन्यात छप्पर गळायला लागतं. आमचे ऑपरेटर भाऊ म्हणतात, "वहिनी, पाणी कुठून येऊन राहिलं ते पत्र्यालेच माहीत." उंदरांचा हिशेब वेगळाच. लोकांनी सांडलेले पॉपकॉर्न ते खातात आणि वर स्पीकरच्या वायरी कुरतडतात.

मग कोणीतरी म्हणतंच, पाडून टाका, मॉल बांधा. एक तर जुनं थिएटर पाडलं तरी नव्या इमारतीत मूळ आसनांच्या निदान एक तृतीयांश आसनांचं थिएटर ठेवायची अट आपल्या राज्यात वर्षानुवर्षं चालत आली आहे. दुसरं म्हणजे, ज्या गावात व्हेरायटी चौक आणि पंचशील चौक टॉकीजच्या नावावरून ओळखले जातात, तिथं स्वतःच्या हातानं टॉकीज पाडायला मन धजत नाही. हे दुसरं कारण आमचे सीए मानत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही.

बंद ठेवावी म्हणाल, तर बंद टॉकीज चालू टॉकीजपेक्षा लवकर खराब होते. कबुतरं, वाळवी, ओल. म्हणून मॅटिनीला माणसं कमी असली तरी शो लावतो.

यंदा पावसाळ्याआधी बाल्कनीवरचे पत्रे बदलायचे आहेत. खुर्च्या पुढच्या वर्षी. तोवर बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसू नका, तिथली स्प्रिंग टोचते.