बजेट १५ हजार, बेडरूम आणि कुकरच्या शिट्ट्या

मला हवं होतं इतकंच की आपणच गिटार वाजवत म्हटलेलं गाणं घरीच रेकॉर्ड करून परत ऐकताना लाज वाटू नये. बजेट १५ हजार, जागा आमच्या फ्लॅटची बेडरूम.

पहिला घोळ म्हणजे ऑनलाइन दिसलेला 'सगळं एकत्र'वाला सेट, माइक, स्टँड, पॉप फिल्टर सगळं १८०० मध्ये, म्हटलं अजून काय पाहिजे. आला, लॅपटॉपच्या जॅकमध्ये खुपसला आणि ऐकलं तर मागे नुसती सूंऽऽ, गाणं कुठेतरी लांब. तो कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) होता, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या वायरमधूनच मिळणारी वीज) लागते आणि ती लॅपटॉपच्या जॅकमधून मिळत नाही, हे पैसे गेल्यावर कळलं.

मग ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि लॅपटॉपच्या मधे लावायचा, ही वीज देणारा डबा, बघायला लागलो. एक इनपुट की दोन यात अख्खा आठवडा गेला. स्कारलेट सोलो नावाच्या इंटरफेसला माइक लावता येतो एकच, दुसरं इनपुट गिटारची वायर डायरेक्ट लावायला, आणि माझ्या गिटारला पिकअपच (तारांचा आवाज वायरीत पोचवणारा भाग) नाही! शेवटी स्वतःलाच विचारलं की बाबा तू गाताना वाजवणार आहेस की आधी वाजवून मग गाणार? नंतरचंच उत्तर आलं. मग सोलोच घेतला, सेकंडहँड.

माइकसाठी सगळे सांगत होते कंडेन्सरच घे, म्हणून आधी मित्राचा एटी२०२० हा कंडेन्सर माइक आठवडाभर आणला. गिटार काय वाजली हो त्यात! तारेवर बोट सरकल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. पण त्याचबरोबर शेजारच्या काकूंचा कुकर (तीन शिट्ट्या, वरण असणार), खालची स्कूटर, आमचा पंखा आणि भिंतींवरून परत येणारा माझाच आवाज, सगळं त्यात. पंखा बंद केला, मे महिना होता, दोन टेकमध्ये शर्ट भिजला.

म्हणून गाण्यासाठी सेकंडहँड एसएम५८ माइक घेतला. हा डायनॅमिक, म्हणजे कंडेन्सरइतक्या तिखट कानाचा नाही, तोंडापासून चार बोटांवर धरला की बाकीचं जग बऱ्यापैकी बाहेर राहतं. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या टाकून पाठीमागे उभ्या केल्या, कारण माइकचं तोंड माझ्याकडे, म्हणजे त्याला माझ्या मागची भिंत ऐकू येते. टाळी वाजवून बघितली, आधी टण्ण यायची ती आता मेल्यासारखी. आई दोनदा विचारून गेली, गोधड्या कुठायत रे.

आणखी एक वेडेपणा म्हणजे कानात साधे इअरफोन घालून गात होतो, मेट्रोनोमची (ताल धरायला लावलेल्या ठोक्यांची) टिकटिक थेट गाण्यात उतरली. कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन घ्या, त्यात कंजुषी नको. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू यायचा त्यावर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देणारं) दाबलं की संपलं, मी त्याआधी तीन दिवस सेटिंग चिवडत होतो.

गिटारला माइक भोकासमोर लावला तर नुसतं ढब ढब, तोच बाराव्या फ्रेटकडे (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीकडे) वीतभर अंतरावर तिरका धरला तर छान. फक्त ५८ ला हळू वाजवलेली गिटार नीट ऐकायला गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचा तो) खूप चढवावा लागतो आणि मग सूंऽऽ परत येते. त्यामुळे गिटार मी रात्री एकनंतर मित्राच्या कंडेन्सरवरच करतो. त्याने अजून परत मागितलेला नाही, मीही विषय काढत नाही.