कपाशीच्या बांधावरचे कोळी: बघायचे कुठे, टिपायचे कसे

खान्देशात कोळ्यांचे फोटो काढायचे म्हटले की सगळे सातपुड्याकडे निघतात. पाल, यावल, तोरणमाळला जरूर जावे, अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेऊन जावे. पण कोळी ओळखायला शिकायचे असेल तर कपाशीच्या शेताचा बांध जास्त शिकवतो. कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी असे खाद्य भरपूर असते. बांधावर बोर, बाभूळ, निंब, रुई आणि गुडघाभर गवत असते. शंभर पावलांत जाळे विणणारे, दबा धरून बसणारे आणि पाठलाग करणारे असे तिन्ही तऱ्हेचे कोळी भेटतात. शिवाय तीच जागा आठवड्याने पुन्हा बघता येते. जंगलात ते सहसा जमत नाही.

सगळ्यात चांगला काळ पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. तोवर बागायती कपाशी कमरेच्या वर गेलेली असते, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला दिसणारी बारकी पिल्ले वाढून ओळखू येण्याजोगी झालेली असतात. उजाडल्यापासून नऊपर्यंत काम उरकावे. त्यानंतर वारा सुटतो, पाने हलायला लागतात, आणि ऊन वाढले की बरेचसे कोळी पानाखाली जातात. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारायचे, आणि दुसरा प्रश्न हमखास हा: "भाऊ, फवारणी कधी झाली?" चार-पाच दिवसांत झाली असेल तर दुसरा बांध धरावा. कोळी कमी दिसतात हे एक, आणि औषध लागलेल्या पानांत हात-तोंड घालून बसणे धोक्याचे, हे त्याहून महत्त्वाचे. सऱ्यांच्या आत शिरू नये. फांद्या मोडतात, पात्या-बोंडे गळतात.

दव असेल तर सुरुवात गवतापासून करा. जमिनीलगत पांढरी चादर अंथरल्यासारखे जाळे आणि एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखे भोक दिसले, तर तो हिपासा. लांडगा-कोळी सहसा जाळे न विणता जमिनीवर शिकार करतात, पण हा त्यांच्या कुळातला असून जाळे विणतो. पावलाचा हादरा बसला की भोकात गडप होतो. त्याला काडीने डिवचू नका. हातभर अंतरावर बसा, भोकाच्या तोंडावर फोकस धरून ठेवा आणि हलू नका. थोड्या वेळाने पुढचे पाय आधी बाहेर येतात, मग डोळे.

गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर गोल जाळ्याच्या मध्यभागी डोके खाली करून, पाय जोडीजोडीने फुलीसारखे ताणून बसलेली पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची मादी म्हणजे अर्जिओपे. जाळ्यात पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी असते. आपली सावली पडली की ती आधी जाळे जोरात हलवते, तरी न थांबल्यास धागा सोडून गवतात उतरते. मग मागे सरून वाट पाहायची, बहुतेक वेळा ती परत जागेवर येते. फोटोसाठी कॅमेऱ्याचा सेन्सर जाळ्याला अगदी समांतर ठेवा. तसे केले की आठही पाय एफ/८ लासुद्धा स्पष्ट येतात (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, भिंगातल्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितके छिद्र बारीक). जरा तिरका धरला की एका बाजूचे पाय धूसर होतात, मग कितीही बारीक अ‍ॅपर्चर घ्या. एक फोटो पाठीचा, एक जाळ्याच्या दुसऱ्या बाजूने पोटाचा. जाळ्याच्या कडेला एखादा अगदी लहान कोळी बसलेला दिसला तर त्याचाही घ्या, तो बहुधा नर असतो. मधे येणारे गवत तोडू नये, कारण जाळ्याचा आधाराचा धागा नेमका त्यालाच बांधलेला असू शकतो. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे खिशात ठेवा, पाते हलकेच वाकवून बाजूला अडकवा आणि जाताना सोडा.

कपाशीच्या शेंड्याकडच्या पानांवर हिरवागार, पायांवर काळे काटे असलेला कोळी दिसेल. हा पिउसेशिया. शिकारीसाठी जाळे लावत नाही, झेप घेतो. मादी अंड्यांच्या पिशवीवर बसून राखण करते आणि सहसा जागा सोडत नाही. मोबाइलला क्लिपचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायचे, भिंग लावून काम करणाऱ्यांना ती सोयीची, कारण त्या भिंगांना दोन-तीन सेंटीमीटरवर जावे लागते आणि इतक्या जवळून बाकीचे कोळी पळतात. दोन-चार फोटो झाले की मात्र तिला मोकळे सोडावे. पान खुडून उजेडात आणणे तर अजिबात नको. पिशवी उघडी पडते आणि पुढे मुंग्या येतात.

निंबाच्या खोडावर, साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीला, सालीत मिसळून चपटा बसलेला हर्सिलिया शोधायला नजर लागते. समोरून बघण्यापेक्षा खोडाला गाल लावल्यासारखे कडेने बघा, पोटामागची दोन लांब शेपटांसारखी टोके लगेच दिसतात. ती धागा काढण्याचे अवयव. भक्ष्याभोवती गरागरा फिरून तो त्याला खोडालाच बांधून टाकतो.

आता उजेडाचे. १:१ आकाराला, म्हणजे कोळी सेन्सरवर खऱ्या आकाराइतकाच उमटतो तेव्हा, एफ/११ वर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून एफ/२२ लावायचा मोह होतो, पण इतक्या जवळ भिंग त्याच्या दुप्पट आकड्यासारखे वागते. एफ/१६ लावला तरी तो प्रत्यक्षात एफ/३२. मग पायांवरचे केस पुसट होतात. एफ/११, १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २००, फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/८ वर, इथून सुरुवात करा. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे हलणारे पानही गोठते. फोकसची रिंग सोडून द्या आणि अंगानेच पुढे-मागे व्हा. डोळे स्पष्ट झाले की बटण दाबा.

उघडा फ्लॅश मारला तर कोळ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि रंग जातो. पॅकिंगमधल्या पांढऱ्या फोमचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा करा, दोन थर, मधे तीन-चार सेंटीमीटर मोकळी जागा, आणि पडदा भिंगाच्या टोकापर्यंत पुढे आणा. एकच थर असला की मधोमध उजेडाचा ठिपका तसाच राहतो. पडद्याला सुरकुती नको. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या मोठ्या डोळ्यात तो पडदा जसाच्या तसा उमटतो. मागचा भाग काळाकुट्ट येत असेल तर शटर १/६० वर आणा आणि आयएसओ ४००, किंवा मागे पान असलेलाच कोळी निवडा. मॅक्रो लेन्स नसेल तर २००-३०० मिमीच्या झूमवर रेनॉक्स डीसीआर-२५० हे पुढे अडकवायचे भिंग चालते. ते आठ डायॉप्टरचे (चष्म्याच्या नंबरासारखे माप) आहे, कोळ्यापासून बारा सेंटीमीटरवर काम करते. बांधावर लेन्स बदलू नका, काळ्या मातीची धूळ सेन्सरवर बसते.

संध्याकाळी बोर-बाभळीवरची कचऱ्यासारखी दिसणारी राखाडी जाळी बघायला थांबा. वाळकी पाने आणि धागे यांचे ते घर स्टेगोडिफस नावाच्या समूहाने राहणाऱ्या कोळ्यांचे. अंधार पडला की ते बाहेर येऊन जाळे दुरुस्त करतात आणि शिकार मिळून ओढतात. पिल्ले शेवटी आईलाच खातात, ही त्यांच्या वाढीची रीतच आहे. कुंपण साफ करताना ही घरे कचरा समजून पहिल्यांदा तोडली जातात. मालकाला दाखवून सांगितले तर बरेच जण फांदी ठेवतात. रात्री कपाळावर बॅटरी बांधली की जमिनीवर लांडगा-कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. मात्र घोट्याच्या वरपर्यंत बूट हवेत. फुरसे, मण्यार आणि लाल विंचू याच वेळी फिरतात.

ओळखीसाठी एक सुंदर फोटो पुरत नाही. वरून, समोरून, बाजूने आणि जमल्यास खालून, असे चार हवेत. त्यात समोरचा सगळ्यात मोलाचा, कारण डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ ठरते: समोर दोन मोठे डोळे आणि त्यांच्या दोन बाजूंना लहान तर उडी मारणारा, खाली चार बारके आणि वर दोन मोठे तर लांडगा-कोळी. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोके फुगीर असतील तर तो प्रौढ नर. आकार मोजायला नाणे ठेवायची गरज नाही. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) १:१ ला चौकटीची रुंदी साधारण २३ मिमी असते, कोळ्याने अर्धी व्यापली तर तो साडेअकरा मिमी. झाड कोणते, जमिनीपासून उंची किती, वेळ काय, हे तिथेच लिहा आणि आयनॅचरॅलिस्टवर (निसर्गनोंदी टाकायच्या संकेतस्थळावर) टाकताना सोबत द्या. बऱ्याच कोळ्यांची प्रजाती सूक्ष्मदर्शकाखाली जननांग पाहिल्याशिवाय ठरत नाही, तिथे वंशापर्यंतचेच नाव लावावे. पिल्लू असेल तर चिमट्याला रंगीत दोरा बांधून जागेची खूण ठेवा. आठ-दहा दिवसांनी त्याच फांदीवर कात टाकलेला, रंग बदललेला तोच कोळी सापडण्याची शक्यता बरी असते.