तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतंत्र, पण कुणापासून?

"तालीम असताना प्रेक्षकांची वेगळी संघटना कशाला?" हा फुटबॉलच्या प्रेक्षकांबद्दलचा प्रश्न मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतही विचारला गेला आहे आणि त्यापाठोपाठ "इंग्लंडचे इथे काय घेऊन बसलात?" हेही ठरलेले असते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. (तालीम म्हणजे आमच्याकडे पेठेचे मंडळ; फुटबॉलचा संघही तिचाच.)

इंग्लंडमध्येही हाच आक्षेप होता. तिथे क्लबांशी जोडलेल्या समर्थक मंडळांचा महासंघ १९२७ पासून होता. क्लबाला मदत करायची, आड यायचे नाही, ही त्याची रीत. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर लिव्हरपूल क्लबाचे समर्थक इटलीच्या युव्हेंटस क्लबाच्या प्रेक्षकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यानंतर काही आठवड्यांतच रोगन टेलर आणि पीटर गॅरेट या दोन समर्थकांनी फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन काढली, तीही लिव्हरपूलमध्येच. ज्या शहराच्या नावाला डाग लागला होता, तिथल्या माणसांनी आधी डाग धुऊन मग बोलू असे म्हटले नाही. "आधी तुमची पोरे सुधारा, मग संघटना काढा," असे मला ऐकवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

पुढे थॅचर सरकारने प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचे करायचे ठरवले, त्याला या संघटनेने विरोध केला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जाळीबंद कप्प्यांत माणसे चेंगरली. बळींचा आकडा अखेरीस ९७ झाला. प्रेक्षकांनीच गेट फोडले, असे पोलिसांनी आधी सांगितले, प्रत्यक्षात ते पोलिसांच्याच हुकमाने उघडले होते. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशावर बोट ठेवले आणि ओळखपत्रांची योजना बारगळली. तरीही मृत्यू बेकायदा होते, हा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ उजाडले.

आता आपल्याकडचे. काही वर्षांपूर्वी दोन पेठांच्या सामन्यात टायब्रेकरनंतर दगड आले. कुणाकडून आले, यावर आजही दोन मते आहेत. लाठ्या चालू झाल्या आणि गॅलरीतली सगळी गर्दी एकाच फाटकाकडे लोटली, कारण दुसऱ्याला कुलूप होते. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसकण मारल्यासारखे खाली गेले; दोन पोरांनी त्यांना काखेत हात घालून उचलले, त्यातला एक आमच्या तालमीचा आणि दुसरा समोरच्या. पायऱ्यांवर चपलांचा खच पडला होता. पुढे बैठक झाली. आयोजक होते, पोलीस होते, दोन्ही तालमींचे पदाधिकारी होते. सामना पुन्हा खेळवायचा का, दंड कुणाला, कोणत्या खेळाडूवर बंदी, यावर दोन तास गेले. मी उठून कुलपाचे विचारले, तर एका साहेबांनी विचारले, "तुम्ही कुणाकडनं आलाय?" मी म्हणालो, "प्रेक्षकांकडून." सगळे हसले. आमचे अध्यक्षही हसले आणि माझा शर्ट ओढून म्हणाले, "बसा अण्णा, आपलं काय ते मी बोलतोय की." ते बोलले, पण दंडाबद्दल. कुलपाचा विषय इतिवृत्तात आलाच नाही.

यावर आक्षेप असा: तिथला क्लब मालकाचा आणि समर्थक गिऱ्हाईक. इथे वर्गणी आपली, खेळाडू आपल्या गल्लीतला, तालीमच आपली, मग स्वतंत्र व्हायचे कुणापासून? तरुणपणी हा मुद्दा मी स्वतः तावातावाने मांडत असे आणि वेगळी चूल मांडणाऱ्यांना फुटीर म्हणत असे. त्या तरुणाला माझ्याकडे आजही पुरे उत्तर नाही. एवढेच सांगतो की तालमीला पेठेची इभ्रत राखायची असते आणि फाटक, पाणी, मुतारी, लाठी या गोष्टी इभ्रतीत बसत नाहीत. एका मित्राने मला सुनावले की ती इंग्लंडची संघटनाही २००२ मध्ये जुन्या महासंघाशीच एक झाली आणि दोघांचा मिळून नवा महासंघ झाला. झाले खरे, पण त्याआधीची सतरा वर्षे कुणाला न विचारता बोलून झाली होती.

सध्या तीन-चार तालमींची आम्ही काही माणसे अधूनमधून बसतो. गाडी एकाच प्रश्नावर अडते: दगड मारणाऱ्याचे नाव पोलिसांना द्यायचे की नाही. मी म्हणतो, द्यायचे, नाहीतर कुलपाबद्दल आपले कोण ऐकेल? समोरच्या पेठेतले एक मास्तर म्हणतात, पहिले नाव दिले त्या दिवशी पोरे आपल्याला खबरी ठरवतील आणि संघटनेत आपण चार म्हातारेच उरू. त्यांचेही मला खोडता येत नाही.