तानपुरा गिळणारा लॅपटॉप

सोमवार

अण्णांचे गाणे घरीच ध्वनिमुद्रित करायचे, असे ठरल्यापासून सामान हळूहळू जमत आले होते: दोन माइक जोडता येतील असा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकाला समजेल अशा रूपात आणून यूएसबीतून देणारी डबी), एक कंडेन्सर माइक, केबल, स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. अंबाजोगाईच्या घरातील मागच्या खोलीत ज्वारीची पोती असतात, ती मुद्दाम तशीच राहू दिली, कारण उघड्या भिंतीपेक्षा पोत्यांनी झाकलेली भिंत आवाज कमी परतवते. उरलेल्या भिंतींवर वाकळा टांगल्या. पंखा अर्थातच बंद, आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवून गाणे म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

ताईने मिरजेहून आणलेला जुना तानपुरा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, लावला, अण्णांनी थोडा आलाप करून एक गौळण म्हटली आणि आम्ही ते ऐकायला बसलो. तानपुरा सुरुवातीचे काही सेकंद स्पष्ट ऐकू येत होता, मग कोणी दार हळूहळू लोटून घ्यावे तसा तो मागे मागे जात पार नाहीसा झाला. अण्णांचा आवाज आला की त्याच्या आडून तानपुऱ्याचा एखादा फाटका तुकडा डोकावे आणि ओळ संपताच पुन्हा सगळे कोरडे होई. पेटीची गतही तीच होती, कारण भात्याने लांबवलेला सूर मध्येच पातळ होत होता.

अण्णांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले. "तानपुराच न्हाई की रे ह्याच्यात. मी काय मोकळाच गायलोय का?"

मंगळवार

सकाळी सगळी साखळी एका टोकापासून तपासत गेलो. अशा वेळी केबल बदल, माइक हलव, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाक, असे सुचेल ते करत सुटण्याचा मोह होतो, पण आवाज नेमका कोणत्या ठिकाणापर्यंत शाबूत आहे, एवढे आधी कळले तर निम्मे काम तिथेच होते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची कळ असते. ती दाबली की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. ती दाबून ताईला तानपुरा छेडायला सांगितले, तर चारही तारा जवारीच्या झंकारासह स्वच्छ ऐकू आल्या. याचा अर्थ माइक, केबल आणि कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता आणि आवाज हरवत होता तो यूएसबीच्या पलीकडे, लॅपटॉपच्या पोटात.

तिथे शोधता शोधता ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'आवाज सुधारणा' या नावाखाली लपलेली एक सोय सापडली. ऑनलाइन बैठकीत बोलणाऱ्याच्या मागचा पंखा, कूलर, रस्त्यावरची घरघर गाळून टाकावी, यासाठी ती बनवलेली आहे. तिचे काम ढोबळमानाने असे चालते, की जो आवाज सलग एकसारखा येत राहतो तो कचरा आणि जो क्षणाक्षणाला बदलतो ते बोलणे. कूलरच्या बाबतीत हा हिशेब चोख आहे. तानपुऱ्याच्या बाबतीत मात्र तो मुळावरच येतो, कारण सलग आणि एकसारखे असणे हेच तर तानपुऱ्याचे काम आहे. मोजके सेकंद ऐकून यंत्राने तानपुरा हा कूलर असल्याचे ठरवले आणि तो गाळून टाकला. अण्णा गाऊ लागले की यंत्राला बोलणे सुरू झाल्यासारखे वाटे, ते चाळणी सैल करी आणि तेवढ्यापुरता तानपुरा बाहेर निसटे.

ती सोय बंद केली. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा प्रोग्रॅम, निवडला. ही पद्धत स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ च्या सुमारास आणली आणि तिच्यात आवाज संगणकाच्या नेहमीच्या ध्वनियंत्रणेला वळसा घालून थेट सॉफ्टवेअरमध्ये पोहोचतो, त्यामुळे वाटेत कोणी चाळणी लावून बसलेले नसते. संध्याकाळी ताईने पुन्हा तानपुरा छेडला आणि तो शेवटपर्यंत टिकला. लॅपटॉप आणि त्याची सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बोलणारा माणूस असतो. गाणाऱ्याने त्यांच्या प्रत्येक 'सुधारणे'कडे आधी संशयाने पाहावे, असे माझे मत आता पक्के होत चालले आहे.

बुधवार

तानपुरा परत आला आणि त्याच्याबरोबर एक नकोसा सोबतीही कानावर आला, जो आतापर्यंत त्याच चाळणीत अडकून पडलेला होता. हेडफोनमध्ये खालच्या पट्टीत सतत घूं असा आवाज येत होता. माइकच्या धातूला हात लावला की तो कमी होई आणि हात काढला की पुन्हा वाढे.

आपल्याकडचा वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे विजेचा आवाजात शिरकाव झाला की तो ५० आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झवर ऐकू येतो. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात तो केवळ त्रासदायक असतो. आमच्या बाबतीत प्रकरण अधिक बिकट होते. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा, म्हणून तानपुऱ्याच्या पहिल्या तारेवरचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास येतो. विजेचा १०० आणि तानपुऱ्याचा १०४ एकत्र वाजले की दोहोंच्या फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे चार आंदोलने कानाला जाणवतात. लावलेला पंचम थरथरत असल्याचा भास होत होता आणि ताई बिचारी खुंटी पुनःपुन्हा पिळत बसली होती. तानपुऱ्यात काहीच बिघडलेले नव्हते.

बोलणाऱ्यांसाठी यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे लो-कट फिल्टर लावून १०० हर्ट्झच्या खालचे सगळे उडवून देणे. पुरुषाच्या बोलण्यातून त्याने फारसे काही जात नाही, पण तानपुऱ्याचा खर्ज (जाड तारेवरचा खालचा सा) ६९ हर्ट्झवर आहे, म्हणजे घूं घालवण्याच्या नादात खर्जाचा पायाच कापला जाणार आणि शंभरावरचा आवाज जवळजवळ जागेवरच राहणार. म्हणून फिल्टरच्या वाटेला न जाता मुळाशी जायचे ठरवले. लॅपटॉपच्या चार्जरची वायर भिंतीतून काढली आणि बॅटरीवर चालवून पाहिले, तर घूं तत्क्षणी बंद झाले.

आता प्रश्न चार्जरचा होता की भिंतीचा? चार्जर तीन पिनांचा आहे. त्याच्या आत विजेतील खडखड गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी क्षीण प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर चार्जरचा तो बिंदू आणि त्याला जोडलेले लॅपटॉपचे धातूचे अंग, निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह नगण्य असल्याने झटका बसत नाही, पण लॅपटॉपच्या कडेवरून मनगट फिरवले की बारीक झिणझिण्या येतात. त्या मला बरेच दिवस येत होत्या. हाच दाब यूएसबीच्या वायरीतून इंटरफेसमध्ये उतरत होता.

दुपारी वायरमन आले. त्यांनी टेस्टलॅम्पचे एक टोक फेजमध्ये आणि दुसरे न्यूट्रलमध्ये घातले तेव्हा दिवा लख्ख पेटला. दुसरे टोक अर्थिंगच्या मोठ्या छिद्रात घातले तेव्हा तो नुसता तांबूस झाला. मागच्या अंगणातील अर्थिंगचा खड्डा उकरला, तर आतला कोळसा खडखडीत कोरडा होता आणि मीठ कधीच संपलेले होते. माती कोरडी पडली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो आणि आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात तेव्हा अर्थिंगचा खड्डा त्यातून कसा सुटणार? सळईला गंजलेली जोडणी घासून, नवा कोळसा आणि मीठ घालून वर बादल्या ओतल्या. "उन्हाळ्यात आठवड्याला ह्यात पाणी टाकत जावा, सर," असे सांगून ते गेले. चार्जर पुन्हा लावला तेव्हा घूं जवळजवळ ऐकू न येण्याइतके खाली आले होते.

अशा घूंवर काही जण तिसरी पिन कापून टाकण्याचा सल्ला देतात. काही जोडण्यांमध्ये त्याने आवाज थांबतोही, पण ती पिन जिवासाठी दिलेली असते, त्यामुळे हा सल्ला कोणीही, कधीही मानू नये.

शुक्रवार

काल लाईट बराच वेळ नव्हती. इन्व्हर्टरवर काम करून पाहिले, तर आमचा जुना इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देत असल्यामुळे घूंची जागा कर्कश भुणभुणीने घेतली. लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि विषय संपला. इंटरफेसला वीज यूएसबीतूनच मिळते, त्यामुळे बॅटरी टिकेपर्यंत सगळी मांडणी भिंतीपासून स्वतंत्र असते.

आजचा गोंधळ निराळा होता. अण्णांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत होता आणि ते दर ओळीला लय ओढत होते. आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे, म्हणजे नमुने, पुढे देण्याआधी ज्या जागेत साठवली जातात तो बफर सॉफ्टवेअरमध्ये १०२४ नमुन्यांचा होता. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील तर एवढा बफर भरायला २१ मिलिसेकंद लागतात, जाताना तेवढेच आणि येताना तेवढेच, म्हणजे एकूण उशीर ४० मिलिसेकंदांच्या पुढे. हवेतला आवाज एवढ्या वेळात १४-१५ मीटर जातो. भजनात चार हातांवर बसलेल्या टाळकऱ्याचा टाळही काही मिलिसेकंद उशिराच पोहोचतो आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही, पण स्वतःचाच आवाज अंगणापलीकडून आल्यासारखा ऐकू यावा आणि त्यावर लय धरावी, हे पट्टीच्या गवयालाही जमणार नाही. बफर १२८ वर आणला तेव्हा उशीर गेला आणि जुन्या प्रोसेसरला तेवढ्या घाईने काम उरकेना म्हणून आवाजात चटचट सुरू झाली. वायफाय बंद करून आणि वीजबचतीची सोय काढून ती कमी झाली, थांबली मात्र नाही. शेवटी बफर मोठाच ठेवला, सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज बंद केला आणि अण्णांना डायरेक्ट मॉनिटरवर गायला लावले. गाणाऱ्याने ऐकावे इंटरफेसमधून आणि संगणकाने सावकाश लिहून घ्यावे, ही वाटणी जुन्या लॅपटॉपला मानवते.

माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारा गेनही आज थोडा उतरवला. अण्णांचा तार सप्तकातला आवाज अचानक वाढतो आणि २४ बिटच्या ध्वनिमुद्रणात वरचा सूर उणे १२ डेसिबलपाशी (शून्य ही कमाल मर्यादा) राहिला तरी खाली भरपूर जागा उरते. कॅसेटच्या काळातली 'काटा लालपर्यंत न्या' ही सवय इथे काही कामाची नाही.

रविवार

तयार झालेली गौळण पुण्याच्या भावाला पाठवली आणि त्याचा लगेच फोन आला, की अण्णांचा आवाज बसला आहे का? मी लॅपटॉपवर लावून पाहिली, तर ठीक होती. फोनवर लावली, तर खरोखरच आवाज जड आणि चाल रेंगाळलेली होती. अण्णा ऐकून म्हणाले, "हा आवाज माझाच हाय का? कुणीतरी दुसराच गायलाय असं वाटायलंय." मग त्यांनी पेटी पुढे ओढली आणि फोनमधला षड्ज शोधू लागले. पांढरी सात दाबली तर सूर तिच्या वर होता, पांढरी एक दाबली तर खाली. "ही पट्टीच न्हाई," असे म्हणून त्यांनी पेटी बंद केली.

त्यांच्या त्या वाक्यानेच निदान झाले. गवई थकला तर सूर थोडा उतरेल, पण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये येऊन चार मिनिटे तिथेच स्थिर बसणार नाही. ४८,००० आणि ४४,१०० या दोन सॅम्पल रेटमधला (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या दरांमधला) फरक सुरांत मोजला तर दीड अर्धस्वराच्या किंचित खाली, म्हणजे पेटीच्या जवळजवळ दीड पट्ट्यांइतका भरतो. सीडीसाठी ४४,१०० हा दर रूढ झाला आणि चलच्चित्रांसाठी ४८,०००, त्यामुळे दोन्ही दर प्रत्येक संगणकात शेजारी नांदत असतात. इथे दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रॅमने इंटरफेसला ४८,००० वर नेले होते आणि ध्वनिमुद्रण करणारे सॉफ्टवेअर मात्र फाइलवर ४४,१०० ची चिठ्ठी लावत होते. घरच्या लॅपटॉपवर वाजवताना इंटरफेस पुन्हा ४८,००० नेच वाजवायचा, म्हणून चूक झाकली जात होती. फोनने चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि काळी एकचे गाणे पांढरी सात व पांढरी एक यांच्या मधोमध उतरले. चार मिनिटांचे पदही चार मिनिटे एकवीस सेकंदांचे झाले होते.

पुन्हा गाण्याची गरज पडली नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडले आणि ट्रॅकच्या यादीत दर ४८,००० असा बदलला. नमुने तेच राहतात, फक्त चिठ्ठी खरी होते. अण्णांनी पेटी पुन्हा उघडून काळी एक दाबली आणि मान हलवली. इंटरफेसच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच दर असल्याची खात्री आता दर वेळी आधी करायची.

राहता राहिली गल्लीतली पिठाची गिरणी. तिची मोटर सुरू होताना ध्वनिमुद्रणात टक असा आवाज येतो, आणि चालू असेपर्यंत जमिनीतून येणारी धडधड स्टँडवाटे माइकमध्ये चढते. स्टँडखाली चौघडी वाकळ घातल्याने ती बरीच उतरली आहे, पण खर्जाच्या वेळी अजून जाणवते आणि लो-कट तर लावायचा नाही. गिरणीवाल्या मामांशी बोलणे झाले. दळणे दुपारी दोननंतर थांबतात आणि पाचला पुन्हा सुरू होतात, तेव्हा उद्यापासून बैठक त्या वेळात, म्हणजे नेमकी उन्हाच्या कडाक्यात, पंखा बंद करून.